श्रीलंकेची 600 औषधांची यादी

"डॉक्टर, केमिस्टने दुसऱ्याच कंपनीची गोळी दिलीय, चालेल ना?" हा प्रश्न कोणत्याही ओपीडीत रोज ऐकू येतो. गोळीचे नाव बदलले तरी आतले औषध तेच असू शकते, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण एका संपूर्ण देशाने पन्नास वर्षांपूर्वी याच एका गोष्टीच्या आधारावर आपली औषधव्यवस्था बदलायला घेतली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो देश म्हणजे आपला शेजारी श्रीलंका.

1970 च्या सुमारास या देशाची लोकसंख्या जेमतेम सव्वा कोटी होती आणि नाव अजून सिलोनच होते. चहा, रबर आणि नारळ विकून परकीय चलन मिळवायचे आणि त्यातून तांदूळ, पीठ, साखर, औषधे आणायची, असा सगळा हिशेब. चहाला भाव मिळेना, आयात महाग होत चाललेली, तिजोरीत डॉलर नाहीत. दुसरीकडे सरकारी दवाखान्यात उपचार मोफत, आणि लोकांना त्याचा सार्थ अभिमान. अशा वेळी सरकारे सहसा काय करतात? केसपेपरला पैसे लावतात किंवा खाटा कमी करतात. इथे सिरिमाओ बंडारनायके यांच्या सरकारने आधी औषधांच्या बिलाकडे पाहायचे ठरवले.

हे काम दोन डॉक्टरांकडे आले. एक औषधशास्त्राचे प्राध्यापक सेनक बिबिले, दुसरे स्वतः डॉक्टर असलेले कम्युनिस्ट नेते एस. ए. विक्रमसिंघे. 1971 मधला त्यांचा अहवाल मला कोणत्याही क्लिनिकल पेपरइतकाच महत्त्वाचा वाटतो. रोगनिदान साधे होते. खासगी बाजारात दोन हजारांहून जास्त औषधे येत होती. त्यांतली बरीचशी म्हणजे एकच औषध वेगवेगळ्या ब्रँडनावांनी, किंवा दोन-तीन औषधांची अशी मिश्रणे की ज्यांचा रुग्णाला वेगळा फायदा काहीच नाही. सरकारी रुग्णालये मात्र बऱ्याच आधीपासून निवडक औषधांच्या यादीवर चालत होती आणि तिथले रुग्ण बरे होतच होते. मग तीच शिस्त बाहेर का नको?

त्याच वर्षी राज्य औषध महामंडळ स्थापन झाले आणि बिबिले त्याचे अध्यक्ष झाले. तज्ज्ञांच्या समितीने यादी सुमारे 600 औषधांवर आणली. आयात टप्प्याटप्प्याने महामंडळाच्या हातात गेली आणि खरेदी जेनेरिक नावाने जागतिक टेंडर काढून होऊ लागली. यातली खरी गंमत इथे आहे. वीस आयातदार वीस ब्रँड थोडे थोडे आणतात तेव्हा भाव विकणारा ठरवतो. सगळ्या देशासाठी एकच गिऱ्हाईक एकाच औषधाची मोठी ऑर्डर घेऊन उभे राहिले की विकणाऱ्यांना एकमेकांशी स्पर्धा करावी लागते. पुढे गोळ्या बनवायचा कच्चा मालही महामंडळच आणू लागले. परदेशी कंपन्यांच्या स्थानिक कारखान्यांना तोवर हा माल आपल्याच मूळ कंपनीकडून, ती सांगेल त्या भावाने घ्यावा लागे. बाहेर चौकशी केल्यावर काही औषधांचा कच्चा माल कितीतरी स्वस्तात मिळाला.

विरोध झालाच. कंपन्यांनी केला आणि आमच्या व्यवसायातल्या अनेकांनीही केला. हाताला एका ब्रँडची सवय लागली की डॉक्टरला त्याच्यापलीकडचे दिसेनासे होते, हे मी आमच्या पिढीतही पाहतो. 1974 च्या कॉलऱ्याच्या साथीत तर प्रकरण हातघाईवर आले. टेट्रासायक्लिन तातडीने हवे होते. महामंडळाने कच्चा माल दिला, पण फायझरच्या तिथल्या कारखान्याने त्यापासून कॅप्सूल बनवायला नकार दिला. कंपनीने दर्जाचे कारण पुढे केले. अखेर औषध विमानाने आणावे लागले, अर्थातच जास्त पैसे मोजून.

दर्जाचा मुद्दा मात्र निव्वळ बहाणा म्हणून उडवून लावता येत नाही. स्वस्त औषध तेव्हाच स्वस्त, जेव्हा गोळीत लिहिलेल्या मिलिग्रॅमइतके औषध खरोखर असते आणि ती पोटात वेळेवर विरघळते. ते तपासायला प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आणि दरवर्षी पैसा लागतो. हात आखडता घेतलेल्या सरकारला नेमका हाच खर्च टाळावासा वाटतो, कारण तो कुणाला दिसत नाही. माझ्या मते श्रीलंकेच्या प्रयोगाची सर्वांत कच्ची बाजू हीच होती.

1977 च्या जुलैत सत्ता बदलली, नव्या सरकारने आयात खुली केली आणि महामंडळाची मक्तेदारी संपली. बिबिले तोवर आंतरराष्ट्रीय संस्थांसाठी काम करत इतर गरीब देशांना सल्ला देत फिरत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गयानात त्यांचे निधन झाले. आणि त्याच 1977 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची आपली पहिली यादी जाहीर केली, सुमारे 200 औषधांची. अशा याद्या आज बहुतेक देशांकडे आहेत, आपल्याकडेही आहे. 1982 मध्ये बांगलादेशनेही शेकडो अनावश्यक औषधे बाजारातून काढून टाकली.

श्रीलंकेत बिबिलेंच्या धोरणाला पुन्हा कायद्याचे बळ मिळायला 2015 उजाडले. त्या वर्षी औषध नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला. पण देशाला लागणारी बहुतेक औषधे तोवरही बाहेरूनच येत होती. 2022 मध्ये डॉलर संपले तेव्हा यादी शाबूत होती, कपाटे रिकामी होती. मार्चमध्ये पेराडेनियाच्या शिक्षण रुग्णालयाला औषधे नसल्यामुळे ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. बिबिलेंनी अध्यापन केले, ते हेच पेराडेनिया.