ठाणे जिल्ह्यातील व्यावसायिक क्रीडासंघ व स्पर्धा

ठाणे जिल्ह्यातील व्यावसायिक क्रीडा ही मुख्यतः क्रिकेट, कबड्डी व फुटबॉल या तीन खेळांभोवती विस्तारलेली आहे. जिल्ह्याच्या नावाने खेळणारे व्यावसायिक संघ फार थोडे आहेत. मात्र नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियम आणि ठाणे शहरातील दादोजी कोंडदेव क्रीडांगण या दोन मैदानांमुळे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दर्जाचे अनेक सामने जिल्ह्यात झाले आहेत. येथील प्रेक्षक आपला संघ म्हणून बहुधा मुंबईच्याच संघांना मानतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. प्रो कबड्डी लीग त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आणि इंडियन सुपर लीग ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. त्यामुळे आजच्या ठाणे जिल्ह्याचे वय आणि या दोन्ही स्पर्धांचे वय जवळपास सारखेच आहे.

== पार्श्वभूमी ==

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. पूर्वी हा भातशेतीचा व मिठागरांचा पट्टा होता. आता तो गोदामांसाठी ओळखला जातो. भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात खेळपट्टी ठोकून घेण्याची आणि उन्हाळाभर तेथे खेळण्याची रीत खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत रूढ होती. शेते गेली तशी ही हंगामी मैदानेही गेली. जिल्ह्याच्या क्रीडाजीवनात हा बदल एखाद्या मोठ्या स्पर्धेइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल, कारण टेनिस चेंडूचे क्रिकेट आणि मातीवरची कबड्डी या दोन्ही खेळांची भरती अशाच जागांवरून होत आली आहे.

== क्रिकेट ==

=== दादोजी कोंडदेव क्रीडांगण ===

ठाणे महानगरपालिकेच्या मालकीचे हे क्रीडांगण १९८२ साली उभे राहिले. येथे रणजी करंडकाचे सामने झाले आहेत. या मैदानाला देशभर प्रसिद्धी मिळाली ती मात्र टेनिस चेंडूमुळे. इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग या दहा षटकांच्या स्पर्धेचा पहिला हंगाम ६ ते १५ मार्च २०२४ या काळात येथेच झाला. त्यात माझी मुंबई, टायगर्स ऑफ कोलकाता, श्रीनगर के वीर, चेन्नई सिंगम्स, बंगळूर स्ट्रायकर्स आणि फाल्कन रायझर्स हैदराबाद असे सहा संघ होते. अंतिम सामन्यात कोलकात्याने माझी मुंबईला हरवले. दुसरा हंगाम २६ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२५ या काळात याच मैदानावर झाला आणि श्रीनगर के वीर संघाला नमवून माझी मुंबईने विजेतेपद मिळवले.

या स्पर्धेत काही नियम गल्लीतील खेळातून उचललेले आहेत, तर काही नव्याने बसवलेले आहेत. एका षटकात फलंदाजी करणारा संघ ठरावीक धावांचे आव्हान स्वीकारतो. ते पूर्ण झाले तर वाढीव धावा मिळतात, न झाल्यास मिळवलेल्या धावांतून कपात होते. चिकटपट्टी गुंडाळलेल्या चेंडूने टाकायचे षटकही ठेवलेले आहे. अशा पट्टीमुळे चेंडू अधिक वेगाने जातो व हवेत वळतो, हे गल्लीत खेळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

मोसमी चेंडूच्या क्रिकेटमध्ये येण्यासाठी क्लब, प्रशिक्षक, साहित्य आणि दक्षिण मुंबईच्या मैदानांपर्यंतचा रोजचा प्रवास लागतो. टेनिस चेंडूला यांपैकी काहीच लागत नाही. म्हणूनच भिवंडी, कल्याण, पनवेल, उरण या भागांत गावोगावच्या स्पर्धांचे स्वतंत्र विश्व तयार झाले. दुचाकी व रोख रकमेची बक्षिसे, रात्री दिव्यांच्या प्रकाशात चालणारे सामने, ध्वनिक्षेपकावरचे आगरी ढंगाचे समालोचन आणि अलीकडे यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण ही त्याची वैशिष्ट्ये होत. या खेळाडूंना गावाबाहेर फारसे कोणी ओळखत नसे. लिलाव, करार आणि दूरचित्रवाणी या तिन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला प्रथमच आल्या, हे या स्पर्धेचे खरे महत्त्व होय. तिसरा हंगाम २०२६ मध्ये सुरतेला गेला.

=== डी. वाय. पाटील स्टेडियम ===

सुमारे ४५ हजार प्रेक्षकांची सोय असलेले हे स्टेडियम मार्च २००८ मध्ये खुले झाले आणि त्याच वर्षी १ जून रोजी इंडियन प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना येथे झाला. शेन वॉर्नच्या नेतृत्वाखालील राजस्थान रॉयल्सने चेन्नई सुपर किंग्जवर शेवटच्या चेंडूवर विजय मिळवला. २०१० चा अंतिम सामनाही येथेच झाला; त्यात चेन्नईने मुंबई इंडियन्सला २२ धावांनी हरवले. नोव्हेंबर २००९ मधील भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना फयान वादळाच्या पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. पुढे २०२२ मध्ये आयपीएलचे साखळी सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे परिसरातच खेळवले गेले, तेव्हा ७० पैकी २० सामने नेरूळला झाले.

या मैदानाचे नाव आज विशेषतः महिला क्रिकेटशी जोडले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील ट्वेंटी-२० सामना बरोबरीत सुटून भारताने अतिरिक्त षटकात जिंकला. ४ मार्च २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगचा पहिलाच सामना येथे झाला. मुंबई इंडियन्सने गुजरात जायंट्सचा १४३ धावांनी पराभव केला आणि पुढे विजेतेपदही मिळवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय महिलांनी इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना ३४७ धावांनी जिंकला.

२०२५ च्या महिला विश्वचषकाचे काही सामने मूळ आराखड्यात बंगळूरला होते. ते ऑगस्टमध्ये नवी मुंबईकडे वळवण्यात आले. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने दिलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने पाच गडी गमावून गाठले. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील तो तोवरचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग होता. २ नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला. भारताने ७ बाद २९८ धावा करून दक्षिण आफ्रिकेला २४६ धावांत बाद केले आणि ५२ धावांनी आपला पहिला महिला विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी निर्णायक ठरले. संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार हे मुंबईचे. रणजी करंडकात धावांच्या राशी रचूनही त्यांना भारताकडून एकदाही खेळता आले नव्हते. तो चषक त्यांनी नेरूळला पाहिला, याची नोंद मराठी वाचकासाठी वेगळी करावयास हवी.

=== ठाण्याच्या नावाचा संघ ===

मुंबई क्रिकेट असोसिएशनची टी-ट्वेंटी मुंबई लीग २०१८ मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली. पुढील वर्षी संघांची संख्या आठ झाली व ईगल ठाणे स्ट्रायकर्स हा संघ त्यात आला. सहा वर्षांच्या खंडानंतर जून २०२५ मध्ये ही स्पर्धा पुन्हा भरली, तेव्हा पालघरचा शार्दूल ठाकूर हा ठाण्याच्या संघाचा प्रमुख खेळाडू होता. कल्याणचा तुषार देशपांडे मात्र मुंबई साउथ सेंट्रल मराठा रॉयल्सकडे होता आणि विजेतेपद याच संघाला मिळाले.

== कबड्डी ==

हुतूतू या जुन्या नावानेही ओळखला जाणारा हा खेळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सर्वदूर खेळला जातो. कबड्डीच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणाऱ्या शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिन, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळी येथे यू मुंबा व जयपूर पिंक पँथर्स यांच्यात झाला. अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली. २०१५ मध्ये बंगळूर बुल्सला ३६-३० असे हरवून त्याने आपले आजवरचे एकमेव विजेतेपद मिळवले. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पहिले विजेतेपद पटकावले. ठाणे जिल्ह्यात यू मुंबाचे घरचे मैदान कधीच नव्हते, आणि २०२४ व २०२५ या हंगामांत तर मुंबईतही लीगचा टप्पा झाला नाही. मातीवरचा खेळाडू गादीवर कसा वावरतो, चढाईच्या तीस सेकंदांचे गणित कसे जमवतो, हे प्रत्यक्ष पाहण्याची संधी त्यामुळे येथील मुलांना मिळाली नाही. ही उणीव दूरचित्रवाणी भरून काढत नाही.

महिलांसाठी २०१६ मध्ये फायर बर्ड्स, आइस दिवाज व स्टॉर्म क्वीन्स या तीन संघांची स्पर्धा झाली. मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे यांनी त्यांपैकी आइस दिवाजचे नेतृत्व केले. पुढील वर्षी ती भरली नाही.

== फुटबॉल ==

२०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी एफसीने पहिले दोन हंगाम नेरूळला घरचे मैदान मानले. २०१६ पासून संघ अंधेरीला गेला. २०२१ व २०२४ मध्ये त्याने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला.

नेरूळला २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना झाला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी महिला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबर रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात स्पेनने कोलंबियावर १-० असा विजय मिळवला. एका वर्षात महिला फुटबॉलचे दोन आंतरराष्ट्रीय अंतिम सामने पाहणारी मैदाने जगात थोडीच असतील.

== दहीहंडी ==

दहीहंडीला ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य शासनाने साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला. प्रो गोविंदा ही स्पर्धा २०२३ पासून वरळीत होते. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून जागतिक विक्रम नोंदवला होता. १६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यातच कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर रचले.

== प्रेक्षक व दळणवळण ==

काल्हेर-भिवंडी भागातील प्रेक्षकास नेरूळला जाण्यासाठी प्रथम रस्त्याने ठाणे स्थानक गाठून तेथून ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल घ्यावी लागते. अवजड वाहनांच्या वर्दळीमुळे पहिला टप्पाच अधिक वेळ घेतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्ग ५ वर काल्हेर हे स्थानक आहे. भिवंडी शहरात परशराम टावरे स्टेडियम आहे. मात्र वर उल्लेखिलेल्या व्यावसायिक स्पर्धांपैकी एकीचाही सामना भिवंडी तालुक्यात झालेला नाही.