त्वचेची स्थितिस्थापकता

ताणलेली किंवा चिमटीत धरलेली त्वचा सोडल्यावर पूर्ववत होण्याचा गुणधर्म. बोलीत ‘त्वचेची लवचिकता’. अंतस्त्वचेतील कोलॅजेन तंतू त्वचेला बळकटी देतात, तर इलॅस्टिन तंतू तिला मूळ आकारात परत आणतात. तंतूंभोवतीच्या द्रवामुळे त्वचा भरलेली राहते. त्यामुळे हा गुणधर्म उणावण्याची कारणे मुख्यतः दोन : शरीरातील पाणी घटणे आणि तंतूंत बिघाड होणे. पहिला बदल काही तासांत होऊ शकतो व उपचाराने भरून निघतो. दुसरा सावकाश होतो व बहुधा टिकून राहतो.

जलशुष्कता : जुलाब झालेल्या बालकाच्या बेंबी व कूस यांमधील पोटाची त्वचा अंगठा व तर्जनी यांत उभी धरून सोडतात. घडी लगेच मोडली, तर हे लक्षण नाही असे समजतात. ती सावकाश मोडणे हे जलशुष्कतेचे, तर २ सेकंदांहून अधिक काळ टिकणे हे तीव्र जलशुष्कतेचे लक्षण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत केवळ या लक्षणावर निदान करीत नाहीत. खोल गेलेले डोळे, तहान आणि सुस्ती किंवा चिडचिड हेही पाहतात. बालक पिऊ शकत असल्यास जलसंजीवनी देतात. तीव्र अवस्थेत शिरेतून द्रव द्यावा लागतो.

परीक्षेच्या मर्यादा : तीव्र कुपोषणात त्वचेखालची चरबी झिजल्याने पाणी पुरेसे असतानाही घडी टिकते. उलट लठ्ठ किंवा सूज असलेल्या बालकात जलशुष्कता असूनही ती चटकन मोडते. वृद्धांत इलॅस्टिन मुळातच क्षीण झालेले असल्याने हाताच्या पाठीवरील चिमटा फसवा ठरतो. म्हणून छातीच्या मधल्या हाडावरील किंवा कपाळावरील त्वचा तपासतात.

तंतूंचे विकार : दीर्घकाळ ऊन लागणे व धूम्रपान यांमुळे त्वचा अकाली सैल पडते. एलर्स–डॅन्लॉस या आनुवंशिक विकारसमूहाच्या अभिजात प्रकारात त्वचा अवाजवी ताणली जाते, पण सोडताच जागेवर येते. सांधेही अति लवचिक असतात. ‘क्युटिस लॅक्सा’त मात्र ती लोंबती राहते. ‘स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम’मध्ये इलॅस्टिन तंतूंवर कॅल्शियम साचते, मानेवर पिवळसर पुटकुळ्या उठतात आणि दृष्टिपटल व रक्तवाहिन्यांनाही इजा पोहोचू शकते. त्वक्‌काठिण्यात (स्क्लेरोडर्मा) कोलॅजेन वाढून त्वचा इतकी ताठरते, की ती चिमटीत धरणेही कठीण जाते.