तळटीप १४ : 'परम'वरच्या गणिती लायब्ररी

१४. लेखक विश्रांतवाडीहून रोज गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातल्या सी-डॅक या संगणन संस्थेत जात, तेव्हाची ही हकिकत. सी-डॅकची स्थापना १९८८ची; डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर उभारलेला 'परम ८०००' हा महासंगणक १९९१मध्ये तयार झाला. यंत्राचे कौतुक पुष्कळ झाले, त्यावर चालणाऱ्या गणिती लायब्ररींचे फारसे झाले नाही. म्हणून ही टीप जरा लांबवतो. हवामानाचा अंदाज असो की पुलाचा आराखडा, शेवटी हजारो समीकरणे एकदम सोडवायची असतात. त्यासाठी तपासून ठेवलेली सबरुटीन्स ब्लास (१९७९) आणि लॅपॅक (१९९२) या लायब्ररींत मिळत. पण ती सामायिक मेमरी धरून लिहिलेली, आणि परमच्या प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र. मॅट्रिक्सचे स्तंभ सलग गठ्ठ्यांनी वाटले, तर एकेका चलाचा निरास होत जाईल तसे पहिले प्रोसेसर रिकामे बसतात. म्हणून स्तंभ पत्ते वाटावेत तसे फिरवून वाटायचे. स्वतंत्र मेमरीच्या यंत्रांसाठीच्या स्कॅलॅपॅक लायब्ररीत पुढे हीच कल्पना, ओळी-स्तंभांचे छोटे गठ्ठे फिरवून वाटण्याच्या रूपात, रूढ झाली. लेखक ज्या 'हलणाऱ्या उत्तरा'ने, म्हणजे प्रोसेसर वाढवले की बदलणाऱ्या उत्तराने, हैराण झाले, त्यात यंत्राचा दोष नव्हता. दशांश संख्यांची बेरीज दर पायरीला ठरावीक अंकांवर तोडावी लागते; बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात, आणि प्रोसेसर वाढवले की क्रम सहसा बदलतो. पुढच्या पानावरचे त्या उत्तराचे दोन्ही आकडे त्यामुळे हस्तलिखितात होते तसेच ठेवले आहेत. – संपादक