बुरशीचं विष आणि लघवीचा रिपोर्ट



मागच्या पावसाळ्यात माझ्या एक जुन्या पेशंट भेटायला आल्या. वर्षभर अमेरिकेत मुलीकडे राहून आल्या होत्या. तिथल्या घराच्या तळघरात ओल होती आणि यांना सतत थकवा यायचा. मुलीने ऑनलाइन किट मागवून त्यांची लघवी तपासून घेतली. रिपोर्टमध्ये लाल अक्षरांत लिहिलं होतं : "बुरशीचं विष आढळलं." मग "विष बाहेर काढण्यासाठी" कोळशाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. थकवा मात्र वाढतच गेला.

हा रिपोर्ट समजून घ्यायचा, तर थोडं मागे जावं लागेल.

विष खरं आहे

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी पटापट मरू लागले. काही महिन्यांत एक लाखावर पक्षी गेले. कारण निघालं खाद्यात : ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली होती. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन असं नाव मिळालं.

१९७४ मध्ये हेच विष आपल्याकडे माणसांवर उलटलं. गुजरात-राजस्थान सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने मका भिजला. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून लोकांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. सुमारे चारशे रुग्णांपैकी शंभराहून अधिक दगावले. तेच अन्न खाणारी गावातली कुत्रीही मेली.

दोन्ही ठिकाणी विष पोटातून गेलं, भरपूर गेलं आणि बरेच दिवस जात राहिलं.

लघवीत शोध का सुरू झाला?

हे विष थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर काय होतं, हा पुढचा प्रश्न होता. १९९२ साली शांघायमधल्या १८ हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या, त्यांच्यात यकृताचा कॅन्सर जास्त आढळला. सोबत हेपटायटिस बी असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढत होता. अभ्यास मोलाचा होता. पण तो हजारो लोकांच्या समूहाचा होता आणि विष अन्नातलं होतं. एका माणसाला थकवा का येतो, हे सांगण्यासाठी तो केलेला नव्हता.

भीती भिंतीवर कशी आली?

१९९३-९४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात दहा तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. काहींना घरी परतल्यावर पुन्हा झाला. घरं ओली होती, तिथे काळी बुरशी सापडली. सरकारी तपासणीत बुरशीशी संबंध असल्याचं मांडलं गेलं आणि देशभर घबराट पसरली.

२००० साली त्याच सरकारी संस्थेने, म्हणजे सीडीसीने, आपलं काम पुन्हा तपासलं. नमुने गोळा करण्यात आणि आकडेमोडीत चुका निघाल्या. संबंध सिद्ध झालेला नाही, असं तिने जाहीरपणे सांगितलं. स्वतःची चूक अशी कबूल करणं मला फार मोठी गोष्ट वाटते. पण भीती पसरते तशी दुरुस्ती पसरत नाही. पुढे लघवीची तपासणी थेट ग्राहकांना विकली जाऊ लागली. २०१५ मध्ये सीडीसीला पुन्हा सांगावं लागलं, की आजाराचं निदान करण्यासाठी ही तपासणी प्रमाणित झालेली नाही.

मग रिपोर्टमध्ये आलं ते काय?

आपल्या शेंगदाण्यात, मक्यात, गव्हात, कॉफीत, मसाल्यांत ही विषं अत्यल्प प्रमाणात असू शकतात. त्यामुळे ठणठणीत माणसाच्या लघवीतही ती सापडतात. किती आढळली म्हणजे आजार, याची मान्य मर्यादाच ठरलेली नाही. शिवाय ती ताटातून आली की भिंतीतून, हे रिपोर्ट सांगू शकत नाही.

आमच्या बाईंचं काय झालं? त्या थायरॉइडची गोळी घेतात. कोळसा पोटातली औषधंही धरून ठेवतो, त्यामुळे गोळी रक्तात नीट पोहोचत नाही. टीएसएच तपासलं, तर चांगलंच वाढलेलं होतं. कॅप्सूल बंद केल्या, गोळी सकाळी उपाशीपोटी सुरू ठेवली. दोन महिन्यांत टीएसएच उतरलं आणि त्या पुन्हा फिरायला जाऊ लागल्या. मुळात अमेरिकेत थकवा का आला, याचं उत्तर मात्र आता मिळणार नाही. तेव्हा तपासायला हवं होतं ते तपासलंच गेलं नाही.

तुम्ही काय कराल?

ओल निरुपद्रवी आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. ओल्या घरात दमा बळावतो, खोकला आणि शिंका वाढतात. काहींना फुफ्फुसांची ॲलर्जिक सूज येते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना बुरशीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. या आजारांसाठी खात्रीच्या तपासण्या आहेत. त्या तक्रार ऐकून, छाती तपासून ठरवायच्या असतात.

भिंत ओली असेल तर आधी गळती बंद करा, डाग पुसा, खोलीत हवा खेळती ठेवा. त्यासाठी कुठल्याही रिपोर्टची गरज नाही. बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका टाकून द्या. थकवा किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांना भेटा. असा रिपोर्ट आधीच काढला असेल तर लपवू नका, तोही घेऊन या. सोबत कोणकोणत्या गोळ्या घेताय तेही सांगा.

काळजी घ्या.