मोजणी आणि संभाव्यता

मालखेड हे गाव आज कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे; १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. त्याचे जुने नाव मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अनेक वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम त्यात दिला आहे.

मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय हे आयुर्वेदाचे सहा रस घेऊ. त्यांतील तीन निवडायचे, तर ६, ५, ४ यांचा गुणाकार १२०; त्याला १, २, ३ यांच्या गुणाकाराने, म्हणजे ६ ने, भागले की २० प्रकार येतात. एका रसापासून सहाही रसांपर्यंतचे सगळे प्रकार मिळवले की ६३ होतात. सुश्रुतसंहितेतही हीच संख्या आहे.

या वारशाचा अभिमान योग्यच आहे. मात्र संभाव्यतेचे गणितही त्यातच आले, असे म्हणण्यापूर्वी थांबले पाहिजे. ६३ प्रकारांच्या चिठ्ठ्या करून न पाहता एक उचलली, तर ती तीन रसांची निघण्याची संभाव्यता ६३ पैकी २० होय. दोन्ही आकडे आपल्यापाशी होते. पण वैद्य रस स्वतः निवडत असे. हाताला कोणती चिठ्ठी लागेल, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न युरोपात फाशांच्या खेळातून पुढे आला. तीन फाशांची बेरीज ९ होण्याच्या सहा जोडण्या आहेत आणि १० होण्याच्याही सहाच. तरी १० अधिक वेळा का पडते? सतराव्या शतकाच्या आरंभी गॅलिलिओने उलगडा केला. ३-३-३ एकाच रीतीने पडते, पण ६-२-१ सहा रीतींनी पडते. एकूण २१६ रीतींपैकी ९ च्या २५ भरतात, १० च्या २७. पुढे १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी, अर्धवट राहिलेल्या खेळातील पणाची रक्कम न्याय्य रीतीने कशी वाटावी, याचा पत्रांतून विचार केला. या शास्त्राचा पाया तेथे घातला गेला, असे मानतात.

गॅलिलिओच्या उत्तरात एक अट दडलेली आहे: मोजलेली प्रत्येक रीत सारख्याच वजनाची हवी. दवाखान्यात ही अट रोज आठवते. “डॉक्टर, गुण येईल किंवा येणार नाही, म्हणजे निम्मी आशा धरायची ना?” असे रुग्णाचे नातेवाईक विचारतात. शक्यता दोन आहेत, हे खरे. पण त्या सारख्या वजनाच्या आहेत, हे कोणी ठरवले? तेथे नुसती मोजणी पुरत नाही. तशाच रुग्णांचा पूर्वीचा अनुभव पाहावा लागतो.

म्हणून श्रेय नीट वाटून द्यावे. मोजण्याचा नियम महावीराचार्यांनी दिला, एवढे सांगितले तरी त्यांचा मान पुरेसा मोठा आहे.