हातचा, मसावि आणि मोठ्या संख्या

संगणकाच्या प्रक्रियकाला एका वेळी हाताळता येणाऱ्या संख्येला ठरलेली मर्यादा असते. ६४ बिटांच्या यंत्रात ती वीस अंकांपाशी येते, आणि म्हणूनच १ पासून २० पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार तिच्यात मावतो, पण त्याला २१ ने गुणले की मावत नाही. ही मर्यादा ओलांडण्यासाठी आज्ञावली लिहिणारे संख्येचे तुकडे करून ते ओळीने साठवतात आणि प्रत्येक तुकड्याला एक अंक मानून, शाळेतल्याप्रमाणे हातचा पुढे नेत, बेरीज-गुणाकार करतात.

तुकडे पाडून गुणण्याची कल्पना जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणताना १२ चे ८ आणि ४ असे खंड पाडून गुणण्याची रीत दिली आहे. मात्र अंक दुप्पट झाले की काम चौपट होते, ही गोष्ट अशा रीतींनी बदलली नाही, आणि ती बदलणारच नाही, असे आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारख्या थोर गणितज्ञालाही वाटत होते.

१९६० च्या शरद ऋतूत मॉस्को विद्यापीठातील चर्चासत्रात त्यांनी हा तर्क मांडला आणि आठवड्याच्या आतच अनातोली कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो खोडून काढला. ४७ गुणिले ३६ करताना एरवी चार गुणाकार लागतात; कारात्सुबांच्या रीतीत ४×३=१२ आणि ७×६=४२ हे दोन, आणि अंकांच्या बेरजांचा ११×९=९९ हा तिसरा, एवढेच पुरतात, कारण ९९ मधून १२ आणि ४२ वजा केले की मधल्या स्थानाचे ४५ आपोआप मिळतात, आणि १२००, ४५० व ४२ मिळून १६९२ होतात. तुकड्यांचे पुन्हा तुकडे करत गेल्यास ही बचत प्रत्येक पायरीवर होते. शतकानुशतके निःशंकपणे गिरवलेल्या रीतीत इतकी काटकसर दडलेली होती आणि ती इतक्या उशिरा हाती लागली, ही गणिताच्या इतिहासातील खरोखर थक्क करणारी घटना होय. १९६२ चा शोधनिबंध कोल्मोगोरोव यांनीच लिहून काढला आणि कारात्सुबांना तो छापून हाती आल्यावरच कळला.

अपूर्णांकांची अडचण वेगळी आहे. अचूक अपूर्णांक अंश आणि छेद अशा दोन पूर्णांकांच्या जोडीने साठवला जातो, आणि बेरजेगणिक छेद फुगत जातो, म्हणून मसावि, म्हणजे महत्तम साधारण विभाजक, काढून त्याला सतत संक्षिप्त रूप द्यावे लागते. मसावि काढण्याची युक्लिडची रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पीटर हेन्रिसी यांनी १९५६ मध्ये तिला अशी जोड दिली की आधी केवळ छेदांचा मसावि काढावा, म्हणजे अवाढव्य संख्यांवर काम करण्याची वेळ पुष्कळदा टळते.

गुणाकाराचा प्रश्न पुढेही चालू राहिला. शोनहागे आणि स्ट्रासेन यांनी १९७१ मध्ये कारात्सुबांच्याही पुढची रीत दिली आणि तिच्याहून थोडी वेगवान रीत असावी असे अनुमान केले. ती रीत २०१९ मध्ये हार्वे आणि व्हान डर होवेन यांनी शोधली. तिच्याहून वेगवान रीत असूच शकत नाही, हे मात्र अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.