प्रोस्टेट कर्करोग, प्रगत : जगण्यातील तफावत (अहिल्यानगर जिल्हा)

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत, बहुधा मणक्यात किंवा कटिभागात पसरला की तो प्रगत मानतात. अमेरिकेत या रोगाने कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात दगावतात. याचे मूळ दीर्घकाळ वंशात शोधले गेले. मात्र डोसिटॅक्सेल या केमोथेरपी औषधाच्या चाचण्यांच्या 2019 मधील एकत्रित विश्लेषणात, सारखे उपचार मिळालेल्या दोन्ही गटांचा मध्यक जीवनकाल सारखाच, 21 महिने, भरला. आनुवंशिकतेचा वाटा नाकारता येत नाही. तरी निदान केव्हा झाले आणि औषध कोणाला मिळाले, हेच प्रश्न अधिक वजनाचे.

महाराष्ट्रात ही दरी वंशाची नाही, अंतराची आणि ऐपतीची आहे. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातला किंवा जामखेडचा म्हातारा शेतकरी रात्री चारचारदा लघवीला उठतो, कंबर धरते. घरचे ते वयाचे दुखणे समजून तेल चोळतात. लोणीचे प्रवरा रुग्णालय, पुणे किंवा नाशिक गाठेपर्यंत पाय लुळे पडू लागलेले असतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. खेड्यातील रोगाचे चित्र तिच्यामुळेच दिसू लागले.

या प्रगत रोगावर वृषणे काढण्याचा उपचार शल्यचिकित्सक हगिन्स यांनी 1941 मध्ये मांडला, त्यासाठी त्यांना 1966 चे नोबेल मिळाले. एकदाच होणारी ही स्वस्त शस्त्रक्रिया आजही उपयोगी आहे. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. साठीनंतर लघवीच्या तक्रारीसोबत कंबर सतत दुखत असल्यास पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी लांबवू नये.